दारातला जुना आंबा: शेंडा मारायचा की राहू द्यायचा?

ओसरी
नमस्कार मंडळी. कोथरूडला तीन गुंठ्यांत आमचा छोटा बंगला आहे. सासऱ्यांनी १९७२ साली प्लॉट घेतला तेव्हा कोथरूडला राहायला जातोय म्हटलं की पेठेतले नातेवाईक "मग भेटी कधी?" असं विचारायचे म्हणे. घर बांधून झालं त्याच पावसाळ्यात लावलेला पायरीचा आंबा आता दोन मजल्यांच्या वर गेलाय. छातीच्या उंचीला बुंधा सुतळीने मोजला, घेर सहा फूट भरला. कंपाउंडच्या भिंतीपासून झाड जेमतेम पाच फुटांवर आहे आणि शेजाऱ्यांच्या बाजूला थोडं कललेलं आहे.

शेजारचे काका म्हणतात, वादळात हे आमच्यावर येणार. झाडं तोडणारा एक जण बघून गेला. त्याचा सल्ला: "ताई, वरून निम्मं उडवून टाकू, मग दहा वर्षं बघायला नको." लाकूड तो नेणार आणि वर मजुरीही घेणार. नवरा म्हणतो उडवा, सासूबाईंनी अबोला धरलाय. कोणी एवढं मोठं झाड सांभाळलंय का? नक्की काय करावं? आणि बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसतो, तो कशाचा असावा?

कैरीप्रेमी
पत्ता कळवा. झाडाचं वजन हलकं करायला एप्रिलमध्ये सहकुटुंब येतो.

रत्नांग्रीकर
ओसरीताई, बाकीचं नंतर, आधी त्या भुशाचं बघा. भिरूड आहे. खोडकिडा. लांब मिशांचा करडा भुंगा सालीच्या जखमेत अंडी घालतो, अळी आत शिरते आणि बोगदे काढत लाकूड खात जाते. भुसा जिथे पडलाय त्याच्या बरोबर वर बुंध्याला एक भोक सापडेल, कडेला ओलसर चोथा चिकटलेला असेल, कधी डिंकही असतो. सायकलच्या ब्रेकची तार घ्या, टोकाला बारीक आकडा करा आणि भोकात हळूहळू फिरवत आत सरकवा. मऊ लागलं की ओढा. अळी पांढरी, बोटाएवढी जाड असते. आली बाहेर तर कोंबडीला द्या. नाही आली तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये भिजवून आत सारा आणि तोंड चिखलाने घट्ट लिंपून टाका. आठवड्याने बघा. ताजा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे, परत करा.

आमच्या बागेत पावसाळा सुरू झाला की हेच काम. दुर्लक्ष केलंत तर झाड वादळाची वाट बघत बसणार नाही.

चौकस पुणेकर
कोथरूडात कोंबडी कुठून आणायची हेही सांगा.

मुलुंडकर
शेंडा मारू नका, एवढंच सांगायला लॉगिन केलं. आमच्या सोसायटीत दोन जुने पर्जन्यवृक्ष होते. मे महिन्यात "पावसाळापूर्व छाटणी" म्हणून कंत्राटदाराने एकाच्या सगळ्या मोठ्या फांद्या मध्येच कापून खुंट उभे ठेवले. दीड-दोन वर्षांत प्रत्येक खुंटातून सरळसोट फुटव्यांचा झुपका आला, वरून झाड पुन्हा हिरवंगार, सगळे खूश. पण हे फुटवे सालीलगत फुटलेले असतात, मूळ फांदीसारखे लाकडात खोल रुजलेले नसतात. त्यात खालचा खुंट कुजत जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा ते फुटवेच धडाधड निखळले, खाली तीन गाड्या. शेजारचं न छाटलेलं झाड पानं झाडून उभं. तो कंत्राटदार पुढच्या वर्षीही त्याच दराने हजर होता, ही वेगळी गंमत.

गच्चीवरचा
बहुतेक प्रतिसाद झाडाच्या बाजूने येणार हे माहीत आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. तीन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये एवढं झाड हवंच कशाला? आमच्या शेजाऱ्यांचा गुलमोहर आमच्या पत्र्यावर पडला. नशिबाने माणूस खाली नव्हता. पत्रे आमचे, पाण्याची टाकी आमची, खर्च आमचा. शेजारी हळहळले, चहा दिला. पन्हाळी पानांनी तुंबते, सोलरवर दुपारी सावली येते, ते वेगळंच. झाडावर प्रेम करायचं तर स्वतःच्या छपराच्या जिवावर करावं. ओसरीताईंच्या शेजारच्या काकांना कोणी विचारलंय का?

सुरंगी
@गच्चीवरचा, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण गुलमोहर आणि आंबा एका मापाने मोजू नका. गुलमोहर मादागास्करचा पाहुणा, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. रस्त्याकडेला तर त्याला पसरायलाही जागा नसते. सोनमोहराच्या फांद्याही पटकन मोडतात. आंब्याचं मूळ चांगल्या जमिनीत खोल जातं. त्याचे प्रश्न वेगळे: भिरूड, बांडगूळ आणि माणसं.

बांडगुळावरून आठवलं, ताई, झाडावर वेगळ्याच पानांचा, लालसर नळीसारख्या फुलांचा झुपका कुठे दिसतो का बघा. तो नुसता ओरबाडून उपयोग नसतो, त्याची मुळी फांदीच्या आत गेलेली असते. फांदी त्या गाठीच्या मागून, बुंध्याच्या बाजूने कापावी लागते.

वकिलीण
कायद्याचं थोडक्यात. झाड तुमच्या खासगी आवारात असलं तरी शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यात "झाड तोडणे" या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे निम्मा शेंडा उडवायचा तर पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावीच लागणार. काकांनी त्यांच्या बाजूच्या फांद्या परस्पर कापल्या तर त्यांनाही तोच कायदा.

दुसरं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड "वारसा वृक्ष" धरलं जातं. आणि परवानगीने तोडलं तरी झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची जबाबदारी येते. १९७२ चा प्लॉट म्हणताय, तेव्हा बांधकामाचे जुने कागद, फोटो असतील तर जपून ठेवा. वय सिद्ध करायला उपयोगी पडतील.

चौकस पुणेकर
म्हणजे एक आंबा तोडला की पन्नासावर झाडं लावायची. तीन गुंठ्यांत. बंगला पाडावा लागेल.

वकिलीण
तुमच्याच आवारात लावा असं कोणी म्हणत नाही हो.

एडिसनची वहिनी
न्यू जर्सीहून लिहितेय. आमच्याकडे घरामागे मोठा ओक आहे. मोठं झाड काढायचं तर इथेही टाऊनशिपची परवानगी लागते, आणि छाटणीला प्रमाणपत्र असलेला आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, बोलावतात. तो फांदी कधीच बुंध्याला चाटून कापत नाही. फांदी बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. त्या कड्याच्या जरा बाहेर कापलं की झाड स्वतः जखम चारी बाजूंनी बुजवत आणतं. चाटून कापलं की ते कडंच जातं. खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत शिरते. ॲलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन वनखात्यातल्या शास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं.

जड फांदी एका दमात कापत नाहीत. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून थोडी चीर. मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचं, फांदी खाली येते. उरलेला खुंट शेवटी कड्याजवळ कापतात. खालची चीर नसेल तर फांदी पडताना बुंध्याची साल पार खालपर्यंत सोलून नेते.

आणखी एक. इथे लोक हौसेने बुंध्याशी लाकडाच्या भुग्याचा ढीग रचतात, त्याने साल कुजते. पालापाचोळा पसरा, पण बुंधा मोकळा ठेवून.

रत्नांग्रीकर
वहिनी, कापायची पद्धत बरोबर. पण मुलुंडकरांच्या "शेंडा मारू नका" ला माझा अर्धाच होकार. कोकणात जुन्या, उंच गेलेल्या, फळ न देणाऱ्या हापूसच्या बागा आम्ही मुद्दाम खाली घेतो, पुनरुज्जीवन म्हणतात. झाडं पुन्हा धरतातही. फरक एवढाच की कापल्यावर आम्ही निघून जात नाही. दर खुंटावर शेकड्याने फुटवे येतात, त्यातले मोजके चांगल्या दिशेचे ठेवून बाकीचे काढायचे, आणि भिरूड तर अशा झाडावर तुटून पडतो, त्यामुळे सतत लक्ष. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका, प्लास्टिकची घ्या. वर्षानुवर्षं हे करायची तयारी असेल तर शेंडा मारा. ताईंचा तो झाडं तोडणारा लाकूड टेम्पोत टाकून गेला की परत दिसणार नाही.

एडिसनची वहिनी
इथले आर्बोरिस्ट म्हणतात जखमेवर काही लावायची गरज नाही, रंगाने कूज थांबत नाही.

रत्नांग्रीकर
तुमच्याकडे भिरूड नाही, वहिनी.

एडिसनची वहिनी
त्याचा चुलतभाऊ आहे. हिरवा चकचकीत भुंगा, २००२ मध्ये मिशिगनात पहिल्यांदा सापडला आणि त्याने देशभरातले ॲशचे वृक्ष संपवत आणले. आमच्या रस्त्यावरचे सगळे गेले. असो, बोर्डोचं मान्य.

सुरंगी
दोघांचंही खरं आहे. ऑइल पेंट आणि डांबर फासण्यात अर्थ नाही, खाली ओल अडकते. बोर्डो बुरशीला थोडी आवरते आणि भुंग्याला ताज्या जखमेपासून लांब ठेवते. आपल्याकडच्या पावसात तेवढंही पुष्कळ.

बागुलबुवा
आमच्या पलीकडच्या गल्लीत एका चिंचेला सोसायटीने बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक लावले, वर चौथरा बांधून सिमेंट ओतलं, आणि चौथऱ्यावर पाटी: "झाडे लावा झाडे जगवा". पाटी खिळ्यांनी झाडालाच ठोकलेली.

मुलुंडकर
हाहा. दिल्लीत २०१३ मध्ये हरित लवादाने झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्याकडे नवीन फुटपाथ झाला की पहिलं काम तेच, झाडाचा गळा आवळायचा.

सिमेंटवाला
मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे बागुलबुवांचा रोख समजला. ओसरीताई, सगळे वर बघतायत, मी खाली बघतो. काही प्रश्न. झाड कलतं आहे ते पहिल्यापासून की अलीकडे? जुनं कललेलं झाड वर जाताना पुन्हा सरळ वळलेलं असतं, खोडाला बाक दिसतो. ते तसंच वर्षानुवर्षं उभं राहतं. कलाच्या उलट बाजूला जमीन उचलली गेली आहे का, भेग आहे का, हे बघा. तशी असेल तर ती धोक्याची घंटा. बुंध्याशी, मुळांवर टणक भूछत्रासारखी, तपकिरी, पांढऱ्या कडेची बुरशी आहे का? ती असेल तर मुळं आतून कुजली असण्याची शक्यता मोठी. आणि गेल्या दोन-चार वर्षांत झाडाजवळ काही खोदलंय का? पाइपलाइन, केबल, टाकी?

ओसरी
सगळ्यांचे आभार, रोज रात्री जेवणं झाली की सासूबाईंना प्रतिसाद वाचून दाखवते. अबोला सुटलाय. भोक सापडलं, तार फिरवली, अळी आली (कोंबडी नाही, पण साळुंक्यांनी नेली). बांडगूळ एका फांदीवर आहे.

सिमेंटवाला, खोडाला बाक आहे, कल माझ्या लग्नापासून असाच पाहतेय. जमिनीला भेग नाही, बुरशी नाही. खोदलं काही नाही, पण खोदणार आहेत. शेजारच्या काकांचा बंगला पुनर्विकासाला गेलाय. खाली पार्किंगचं तळघर आहे, दिवाळीनंतर काम सुरू. हे आधी लिहिलं नाही कारण त्याचा झाडाशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

चौकस पुणेकर
आता कळलं काकांना वादळाची एवढी काळजी का ते.

गच्चीवरचा
ऑं! हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. माझा प्रतिसाद काकांना उद्देशून नव्हता असं समजा.

सिमेंटवाला
चौकस, काकांवर संशय घेऊ नका, त्यांना बिल्डरच्या माणसाने सांगितलं असेल. पण आता प्रश्नच बदलला. तुमचा आंबा आज वादळात पडायचं फारसं कारण दिसत नाही. भिंतीपलीकडे तळघराचा खड्डा घेतल्यावर मात्र कारण तयार होईल.

हिशेब करू. घेर सहा फूट म्हणजे बुंध्याचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटिश मानक (बीएस ५८३७) सांगतं, व्यासाच्या बारा पट त्रिज्येत खोदकाम नको. म्हणजे जवळपास सात मीटर. तुमचं झाड भिंतीपासून पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटर. शेजारच्या प्लॉटमधली साडेपाच मीटर जमीन तुमच्या झाडाच्या मुळांची आहे, सातबारा काहीही म्हणो. कंपाउंडचा पाया उथळ असतो, मुळं त्याच्या खालून केव्हाच पलीकडे गेलेली असणार. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, पोकलेन पहिल्या तासातच त्यांचा फडशा पाडतो. आणि झाड काकांच्या बाजूला कललेलं आहे. खड्डाही त्याच बाजूला. मुळं तुटणार, आधाराची मातीही जाणार.

सगळ्यात फसवी गोष्ट ही की झाड लगेच वाळत नाही. साठवणीवर एक-दोन वर्षं हिरवं राहतं. मग एखाद्या पावसाळ्यात माती भिजल्यावर एका रात्रीत आडवं होतं, आणि तोवर बिल्डर सोसायटीला ताबा देऊन गेलेला असतो.

मुलुंडकर
आमच्या मागच्या गल्लीत शब्दशः हेच झालं. सगळे म्हणाले "झाड जुनं होतं".

गच्चीवरचा
पण काकांनी त्यांच्या जागेत बांधायचंच नाही का? साडेपाच मीटर सोडले तर तळघर उरणार किती?

सिमेंटवाला
पूर्ण साडेपाच मिळणार नाहीत, मलाही माहीत आहे. सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि इमारत यांच्यामधली मोकळी जागा, नियमाने सोडावंच लागतं. त्याच पट्ट्यात खोदायचं नाही आणि तळघराची भिंत तेवढी आत घ्यायची, एवढं मागा. तळघरात गाड्या उतरायचा उतार आणि पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला जाऊ शकते का विचारा. नकाशा मंजूर व्हायच्या आधी हे फुकट होतं, नंतर नाही. झाडाच्या बाजूची पहिली चर यंत्राने नको, मजुरांकडून हाताने खणून घ्या. मूळ लागलं तर करवतीने स्वच्छ कापा, पोकलेनने ओढलेलं मूळ बुंध्यापर्यंत फाटत येतं. उघडी मुळं ओल्या गोणपाटाने झाका. आणि मुळांचा जो भाग तुमच्या आवारात आहे तिथे बांधकामाचं सामान किंवा गाड्या उभ्या करू देऊ नका, माती दाबली गेली की उरलेली मुळंही गुदमरतात.

वकिलीण
हे सगळं तोंडी नको. काका, बिल्डर आणि वास्तुविशारद, तिघांना पत्र, पोच घ्या. झाडाचं वय, घेर, भिंतीपासूनचं अंतर, फोटो. एक प्रत उद्यान विभागाला, एक बांधकाम परवानगी विभागाला. शेजारच्या खोदकामाने मुळं तोडणं हीसुद्धा झाडाला इजाच. पत्र काकांच्या विरोधात लिहू नका, "आपल्या दोघांच्या सुरक्षिततेसाठी" असं लिहा. नव्या इमारतीत राहायला तेच येणार आहेत.

सुरंगी
आणि फांद्यांचं: शेंडा अजिबात नको, पण काकांच्या बाजूच्या लांब आडव्या फांद्यांची टोकं थोडी मागे घ्यायला हरकत नाही, जिथे चांगली उपफांदी आहे तिथपर्यंत. वाळलेल्या आणि बांडगुळाच्या काढा. एका वर्षी पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाला काढू नका. मुळं जाणार असतील तर झाडाला पानांचीच कमाई लागणार. फळं उतरल्यावर करा आणि आधी घरटी बघा. अंडी-पिल्लांची घरटी मोडणं वन्यजीव कायद्यातही बसतं. उन्हाळ्यात पाणी बुंध्याशी न देता सावलीच्या कडेला, सावकाश, खोल मुरेल असं द्या.

कैरीप्रेमी
फळं उतरवायचं काम माझ्याकडे लागलं, हे इतिवृत्तात नोंदवावं.

ओसरी
काल काकांकडे जाऊन आले, सासूबाईंना बरोबर घेऊन. त्या दोघांची पन्नास वर्षांची ओळख, मला फार बोलावं लागलं नाही. दर वर्षी पेटीभर आंबे त्यांच्याकडे जातात हा मुद्दा सासूबाईंनीच काढला. काका म्हणाले, बिल्डरच्या साइट इंजिनिअरने "क्रेनला अडचण होईल" असं सांगितलं होतं, वादळाचं नंतर जोडलं गेलं. वास्तुविशारद पुढच्या आठवड्यात जागेवर येणार आहे. तळघराची भिंत एक मीटर आत घेता येईल असं फोनवर म्हणाला, त्यापुढे काही बोलला नाही. पत्र दिलं, पोच घेतली. झाडवाल्याला "नको" म्हणून कळवलं.

नवऱ्याचा एक प्रश्न आहे. खोदकाम चालू असताना झाड हलतंय का, हे कळायचं कसं? डोळ्यांना तर रोजच कललेलं दिसतं.

सिमेंटवाला
एक मीटर पुरेसा नाही. बैठकीला दोन मागा, दीडवर या. मी असतो तर हाताने चर खणायच्या अटीवर सगळ्यात जास्त ताणलं असतं, बिल्डर पैशापेक्षा त्यालाच कंटाळतो.

नवऱ्याला सांगा, ओळंबा लावा. बुंध्यावर उंच, पक्की जागा बघून कलाच्या बाजूला दोरी बांधा (खिळा नको), खाली जमिनीत पक्का रोवलेला दगड, त्यावर ओळंब्याच्या टोकाखाली फुली. काम सुरू व्हायच्या आधी फुली मारा, तारीख घालून फोटो काढा. वारा नसताना सकाळी बघायचं. टोक काकांच्या बाजूला सरकत गेलं तर काम थांबवायला सांगायचा पुरावा हातात. आणि मधल्या काळात जोराचा पाऊस लागून राहिला तर त्या बाजूला कोणी झोपू नये.

ओसरी
चालेल. ओळंबा कुठे मिळेल?

चौकस पुणेकर
कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात. गवंड्याकडून उसना आणू नका, पुनर्विकास संपेपर्यंत तो तुमच्याकडे राहील आणि भिंती वाकड्या आल्या तर बोल आंब्याला लागेल.